हार घातलेली ओळ

तसबिरीला हार घातलेला होता आणि काचेआड माझं नाव होतं.

मी जिवंत, खाटेवर बसून लसूण सोलत होते. समोर माझी सून उभी होती, तिच्या हातात ती तसबीर. खुर्चीवर माझ्या सवतीची मुलगी बसली होती, बेलापूरहून आलेली, पासष्टीची बाई. आईची तसबीर तयार झाली म्हणून ती पेढे घेऊन आली होती. पहिला पेढा तिनं मला दिला होता आणि मी तो खाल्ला होता.

तसबिरीत चेहरा नव्हता. माझ्या सवतीचा फोटो कुणी कधी काढलाच नाही. गोदावरीकाठी क्षेत्राच्या गावी आमच्या उपाध्यायांकडे घराण्याची वही असते. त्या वहीतली एक ओळ मोबाईलवर टिपून, श्रीरामपूरच्या फोटोवाल्याकडून मोठी करून, तिनं ती काचेत बसवून घेतली होती. हातभर लांब ओळ आणि तिच्यावर झेंडूचा हार.

सुनेनं तसबीर उजेडाकडे धरली. मग म्हणाली, "वन्सं, ही ओळ तुम्हाला कुणी वाचून दाखवली?"

"मावशीनं," ती म्हणाली. मला ती मावशी म्हणते. "मावशीनंच बोट ठिवून दाखवली. का गं?"

सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिलीच्या पोरांचं गिचमिड अक्षर लावण्यात तिची वीस वर्षं गेली आहेत. ती स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरचे तीन डबे घेऊन आली. तिळाचा, हळदीचा, जवसाचा. डब्यांवर मी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत, नाहीतर ही एकेक डबा उघडून हुंगत बसते. तिनं तसबीर फरशीवर ठेवली, शेजारी डबे मांडले आणि वर्गात दाखवावं तसं बोट ठेवत गेली. हे अक्षर हळदीच्या डब्यावर आहे. हे तिळाच्या. हे वळण मी रोज बघते.

"आत्या, अक्षर तुमचं आहे," ती म्हणाली. "आणि नावही तुमचंच आहे."

सवतीच्या मुलीला वाचता येत नाही. तिनं आधी डब्यांकडे बघितलं, मग तसबिरीकडे, मग माझ्याकडे. गुडघ्यावर हात ठेवून उठली, खाली वाकली आणि हार काढला.

"जित्या मानसाला हार घालू न्हाई," ती म्हणाली.

हार तिनं खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि परत बसली. "मग माज्या आईचं नाव कंच्या वळीत हाय?"

मी म्हणाले, "वहीला पानी लागलंय. पुसलं गेलं आसंल."

सुनेनं तिच्या पिशवीतला मोबाईल मागून घेतला, वहीचं सगळं पान उघडलं, बोटांनी मोठं केलं. "पाणी उजव्या कोपऱ्याला लागलंय, आत्या. नावं सगळी डावीकडे आहेत. एकही ओळ पुसलेली नाही."

तेव्हा मी सांगायला लागले. त्या दिवशी तुकड्यातुकड्यानं, दर वेळी थोडं मागं ठेवत सांगितलं. इथं सरळ लिहिते.

मी लग्न होऊन आले तेव्हा सतरा वर्षांची होते. नवऱ्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती, बाळही गेलं होतं, आणि आधीची एक मुलगी मागं राहिली होती. ती अडीच वर्षांची. पहिलीला घरात सगळे थोरली म्हणत. मी आले म्हणून धाकटी. जी बाई मी कधी बघितली नाही, तिच्यापेक्षा मी पहिल्या दिवसापासून धाकटी होते.

आमच्याकडे रीत अशी की मेलेल्या पहिलीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची उठावाची आकृती. सासूनं तो मंगळसूत्राच्या आधी माझ्या गळ्यात बांधला. नवीन लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग अंगाला. जेवायला बसलं की पहिला घास टाकाला दाखवायचा. तसं नाही केलं तर थोरली त्रास देते म्हणत. मला तिनं कधी त्रास दिला नाही. सासू द्यायची. भाकरी जाड झाली की "थोरलीची भाकर पुरनाच्या पोळीवानी हुती." भाकरी पातळ झाली की "थोरली आसं पापड न्हवती करत." मी मनात म्हणायचे, मेली म्हणून चांगली झाली.

ते मी एकदा तोंडानंही म्हटलं होतं, चुलीपुढं, एकटी असताना. मुलगी दारात उभी होती. तिला कळण्याचं वय नव्हतं असं मी धरून चालले.

सासूला माझ्यातली एकच गोष्ट मान्य होती. मला लिहिता येत होतं. त्या घरात कुणालाच येत नव्हतं. मी चौथी पास. पण माझं अक्षर शाळेतलं नव्हतं, बापाचं होतं. बाप जुन्या पद्धतीचं लिहायला शिकलेला. त्यानं मला शिकवलं ते असं: आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगत जायचं, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, कागद फुकट जातो. शाळेत मास्तरांनी त्यापायी छड्या मारल्या. हात काही सुधारला नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्याही मी अजून तशाच लिहिते. "तीळपांढरे" हा एकच शब्द आहे माझ्याकडे.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासरे गेले. त्यांच्या अस्थी घेऊन आम्ही क्षेत्राला गेलो. सासू, नवरा, दीर, मी आणि ती मुलगी. मुलगी माझ्या कडेवर, कारण सासूला गुडघ्यांनी धरलं होतं आणि बाप्यांनी पोर घ्यायचं नसतं.

नदीवरचं आटोपल्यावर उपाध्यायांच्या ओसरीवर बसलो. गुरुजींनी लाल कापडात बांधलेली वही सोडली. लांबट, आमच्या गावाच्या नावाची. त्यांचा नेम असा की घराण्यातला जो आला असेल त्यानं आपल्या हातानं नावं लिहायची. कुणाला लिहिता येत नसेल तर गुरुजी लिहीत. त्यांनी विचारलं, "लिहिणारं कोणी आहे का?" नवरा आणि दीर खाली बघायला लागले. सासू म्हणाली, "आमची धाकटी लिवती." तेवढं एकदाच तिनं मला अभिमानानं पुढं केलं.

गुरुजींनी वर दोन ओळी त्यांच्या मोडी अक्षरात लिहिल्या, गाव आणि कारण. मग लिहायचा टाक आणि दौत माझ्याकडे सरकवली. मुलगी मांडीवर होती, तिला डाव्या हातानं धरून मी उजव्यानं लिहिलं. सासू एकेक सांगत होती. सासऱ्यांचं नाव. तिचं नाव. मोठा मुलगा, म्हणजे माझा नवरा. मग म्हणाली, "आता त्याची बायकू. आधी थोरलीचं लिव. म्होरं तिची लेक. मग खाली तुजं."

मी आधी रेघ ओढली. रेघ ओढताना अजून काही ठरलेलं नव्हतं. टाक दौतीत बुडवला, वर उचलला आणि माझं नाव लिहिलं. त्याच्या खाली लिहिलं, हिची कन्या, आणि मुलीचं नाव. मग खालची ओळ दिराची.

सावकाश लिहिलं. मला चांगलं आठवतं, कारण डाग पडू नये याचीच मला काळजी होती.

गुरुजी दुसऱ्या यजमानांशी बोलत होते. सासू म्हणाली, "वाच." मी वाचलं. सासऱ्यांचं, सासूचं, नवऱ्याचं. मग, "त्याची थोरली बायको," आणि तिचं नाव, स्पष्ट, जोरात. मग "तिची कन्या." मग "धाकटी," आणि माझं नाव. जे कागदावर नव्हतं ते मी ओळीवर बोट फिरवून वाचून दाखवलं. सासूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं गुरुजींच्या तबकातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि विचारलं, "थोरलीचं कुटं हाय?" मी माझ्या नावावर बोट ठेवलं. तिनं तिथं कुंकू लावलं. मोबाईलच्या फोटोत ते तपकिरी दिसतं. सुनेला तो शाईचा डाग वाटला होता.

सासू मरेपर्यंत त्या मुलीला सांगत राहिली, "तुज्या आईचं नाव वहीत हाय. मी माज्या हातानं कुकू लावलंय." मुलगी कधी रडायला लागली की हेच. लग्न होऊन बेलापूरला गेली, तिला मुलं झाली, सुना आल्या, त्यांनाही ती हेच सांगायची. तिच्याकडे आईचं दुसरं काही नव्हतं. लुगडी विरली, जोडवी मोडून माझी झाली. मामा लवकर गेला. राहिलं ते वहीतलं नाव, आणि तेही तिनं कधी बघितलेलं नव्हतं.

मला इतक्या वर्षांत ते रोज टोचत होतं असं लिहिलं तर खोटं होईल. मी विसरले होते. दोन मुलगे झाले, कांदा, ऊस, दुभती जनावरं, नवऱ्याचं दुखणं. त्यात विसरायला वेळ लागत नाही.

तिचा नवरा गेल्या वर्षी वारला. त्याच्या अस्थी घेऊन ती मुलाबरोबर त्याच क्षेत्राला गेली. सासरच्या वहीचं झाल्यावर तिनं तिथं विचारलं, माझ्या माहेरची वही कुणाकडे? शेजारच्याच ओसरीवर निघाली. त्या गुरुजींचा नातू आता बसतो. त्यानं पान शोधून दिलं. वरच्या दोन ओळी वाचल्या, खालचं अक्षर लागेना म्हणाला. शब्द कुठं संपतो कळत नाही, शाई फिकी झालीय, तुमच्याच घरातल्या कुणाला तरी दाखवा. तिच्या मुलानं फोटो काढला. त्यालाही लागेना. मग तो म्हणाला, मावशीआजी जुनी शिकलेली आहे, तिला विचार.

ती उन्हाळ्यात कांदे भरायच्या गडबडीत आली. सून शाळेत होती. तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. "मावशी, ह्यात माज्या आईचं कंचं हाय त्येवढं सांगा."

मी चष्मा लावला. रेघ बघितली, टांगलेली अक्षरं बघितली आणि ओळखलं. बापाला ओळखावं तसं. मग सगळं आठवलं, दौतीसकट.

मी म्हणू शकले असते, मला लागत नाही. गुरुजींना लागलं नाही, तिच्या मुलाला लागलं नाही, मला न लागायला काय हरकत होती? पण ती तोंडाकडे बघत होती. मी बोट ठेवलं. "ही बघ."

"हीच?"

"हीच. ह्ये बघ, वर कुकू हाय."

कुंकू म्हटल्यावर तिला खरं वाटलं. तिनं मोबाईल कपाळाला लावला. मग म्हणाली, "फोटू न्हाई तर नाव तरी टांगीन भिताडाला. एवडी वळ मोठी करून देत्यात म्हनं श्रीरामपुरात."

तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "चहा टाकू का?"

हे सगळं त्या पेढ्यांच्या दिवशी मी सांगितलं. चुलीपुढं जे म्हटलं होतं तेवढं सोडून. सवतीची मुलगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "आजीनं कुकू तुमच्या नावाला लावलं?"

"व्हय."

"आनि आजीला कळलं न्हाई."

"तिला वाचाय येत न्हवतं."

"मलाबी येत न्हाई," ती म्हणाली. "का येत न्हाई ते तुमाला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. तिचं शाळेचं वय झालं तेव्हा माझा थोरला रांगत होता. मास्तर दोनदा घरी आले. मी सांगितलं, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी धाकटा झाला. माझे दोन्ही मुलगे तिच्या कडेवर वाढले. मी चौथी शिकलेली बाई, घरात एकटी लिहिणारी, आणि तिला मी अक्षर दाखवलं नाही. दुपारी बसून शिकवायला काय लागत होतं? पाटीसुद्धा होती घरात.

"मला चौथी सोडा, दुसरीपतूर जरी घातलं असतं," ती म्हणाली, "तर तुमच्या दारात मोबाईल घिऊन आले नसते. तितंच वाचलं असतं. तितंच कळलं असतं."

सून म्हणाली, "वन्सं, पाणी घ्या."

"पानी नको. मला येक सांग, तू मास्तरीन हायेस. ह्यांनी त्या पानावर मला कुनाची लेक लिवलंय?"

सुनेनं मोबाईलकडे बघितलं. "आत्यांची."

ती हसली. तिला हसताना मी फार वेळा बघितलेलं नाही. "कागुदावर माया लई हाय की मग. माज्या लग्नात तर पाव्हन्यांना सांगत हुत्या, थोरलीची हाय म्हनून सावळी हाय."

मी ते म्हटलं होतं.

मी उठून देव्हाऱ्यातला टाक काढला. नवरा गेल्यावर गळ्यातलं सगळं उतरलं तेव्हापासून तो तिथंच असतो. तिच्यापुढं धरला. "ह्यो तुजा. घिऊन जा." तिनं हात पुढं केला नाही.

"आजीनं तुमच्या गळ्यात बांधलाय, तुमीच सांबाळा. आकृती मला नको. ती कुनाचीबी आसंल. मला नाव पायजे हुतं."

तसबीरही तिनं नेली नाही. "तुमची हाय," म्हणाली. "मुलं टांगतील म्होरं कदी." पेढ्यांचा पुडा मात्र तिनं उचलला, त्यातला एक सुनेच्या हातावर ठेवला आणि बाकीचे पिशवीत टाकले. सून तिला एसटीपर्यंत सोडायला गेली. मी लसूण सोलून संपवला.

मुलांना सुनेनंच सांगितलं. थोरला मुलगा म्हणाला, "आई, तू पन कमाल करतीस," आणि जेवायला बसला. धाकटा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तो त्या बहिणीच्या कडेवर जास्त वाढला होता. तसबीर मी उलटी करून कपाटामागं ठेवली. केर काढताना सून ती बाहेर ओढते, पुसते आणि परत आत सरकवते.

पोळा झाल्यावर बेलापूरहून फोन आला. सुनेच्या मोबाईलवर, माझ्याशी नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं: पितृपक्षातल्या अविधवा नवमीच्या आधी क्षेत्राला जायचं. आईचं नाव वहीत घालायचं. मावशीला घेऊन यायचं.

"मला कशाला?" मी विचारलं.

"त्या म्हणाल्या, ज्यांनी घातलं नाही त्यांच्या डोळ्यादेखत घालायचं."

आम्ही तिघी गेलो. दोन एसट्या बदलून. गाडीत ती खिडकीशी बसली, मधे सून, कडेला मी. मागच्या वेळी ती माझ्या मांडीवर होती. वाटेत तिनं सुनेला शेंगा दिल्या. माझ्यापुढं पुडा धरला नाही, पण सुनेनं आपल्यातल्या मला दिल्या तेव्हा काही बोललीही नाही.

ओसरी तीच होती. फरशी नवीन. गुरुजींचा नातू चाळिशीचा, चष्म्याचा, कानाला मोबाईल. त्यानं वही सोडली आणि आमचं पान काढलं. खरं पान मी पुन्हा बघितलं. मोबाईलात मोठं दिसत होतं, इथं लहान, पोरीच्या हातचं. अठरा वर्षांच्या. रेघ अगदी सरळ आली होती.

सुनेनं त्याला थोडक्यात सांगितलं, एक नाव राहिलं आहे. राहिलं, असं ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

तो म्हणाला, "जुन्या पानाला हात लावत नाही आम्ही. आजोबांपासूनचा नेम आहे. आज आलेल्यांनी आजच्या पानावर लिहायचं."

"नका लावू," सवतीची मुलगी म्हणाली. "नवीन पान काडा."

त्यानं कोरं पान काढलं, वर गाव लिहिलं आणि पेन माझ्यापुढं केला. "आजी, तुम्हीच लिहा. मागचं अक्षर तुमचं म्हणताय, किती वर्षांनी योग आला."

मी हात पुढं केला नाही. केला असता तरी ती घेऊ देणार नव्हती.

"त्यांनी नको," ती म्हणाली. "ही लिवंल."

सुनेनं लिहिलं. शाळेच्या फळ्यावर लिहिते तसं, ठळक, शब्दाशब्दात बोटभर जागा सोडून. वर थोरलीचं नाव. पुढं कुणाची बायको. खाली, हिची कन्या, आणि मुलीचं नाव.

"वाच," सवतीची मुलगी म्हणाली. सुनेनं वाचलं.

"गुरुजी, तुमी वाचा." त्यानंही वाचलं.

तेवढ्यावर तिचं भागलं नाही. ओसरीच्या पायरीवर एक अनोळखी मुलगी बसली होती, कुणा यजमानांबरोबर आलेली, कॉलेजातली असावी, ओले केस पिळत. सवतीची मुलगी वही उचलून तिच्याकडे न्यायला लागली तर गुरुजी म्हणाले, "वही बाहेर नाही न्यायची." मग तिनं त्या मुलीलाच आत बोलावलं. "बाई, ह्येवडं वाचून दाव गं. काय लिवलंय?"

मुलीला काही कळेना. तिनं वाचलं. तेच नाव.

"अजून येकदा." मुलीनं पुन्हा वाचलं, आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि निघून गेली.

मग ती माझ्याकडे वळली. "आता तुमी."

मी चष्मा चढवला. त्या नावाचा उच्चार मी आयुष्यात एकदाच जोरात केला होता, त्याच ओसरीवर. घरात नेहमी थोरली. वर्षाच्या नवमीला सवाष्ण जेवायला घालतानाही मी थोरलीच्या नावानं म्हणायचे. मी वाचलं. आवाज मागच्या वेळेसारखा स्पष्ट आला नाही. ती कान देऊन ऐकत होती, आधीच्या तिघांनी सांगितलं त्याच्याशी जुळतं का ते बघत.

"जुळलं," ती म्हणाली.

गुरुजींनी जुनं पान आणि नवीन पान शेजारी धरलं. "इथं ही मुलगी यांची लिहिलीय, तिथं त्यांची. नोंद दोन ठिकाणी होते. जुन्यावर काही शेरा मारू का?"

ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. भाकर तर ह्यांच्याच हातची खाल्ली."

कुंकवाचं तबक पुढं आलं. तिनं चिमटीत कुंकू घेतलं आणि सुनेला म्हणाली, "बोट ठिव." सुनेनं बोट ठेवलं. तिनं तिथं कुंकू लावलं, बोट नीट बघून. मग गुरुजींनी शाईचा डबा उघडला आणि तिचा अंगठा घेतला. सुनेनं सही केली. मला म्हणाले, "आजी, तुमचीही होऊन जाऊ दे." मी आडवी रेघ ओढली आणि खाली माझं नाव टांगलं.

परत येताना ती श्रीरामपूरला उतरली. तिच्या मोबाईलात नव्या पानाचा फोटो होता. फोटोवाल्याकडे जाते म्हणाली. उतरताना सुनेला म्हणाली, "येते गं." मला म्हणाली, "सावकास जा." तेवढंच.

त्या पहिल्या वेळी ओसरीवर आमच्या घरची पाच माणसं होती. सासू गेली, नवरा गेला, दीर गेला, वही सोडणारे गुरुजीही गेले. आता आम्ही दोघीच आहोत. जिनं लिहिलं ती मी, आणि माझ्या मांडीवर बसलेली ती.